खिडकीपुऱ्यात मरण्यास मनाई

चैत्र शुद्ध दशमी, शके १८५७

कचेरीतल्या मुन्शीगिरीतून निवृत्त झाल्यापासून मला घरातसुद्धा कोणी काही विचारीनासे झाले होते. आज आमच्या साऱ्या खिडकीपुरा मोहल्ल्याने विचारले, म्हणून ही वही उघडली आहे. पुढेमागे कोणी जालन्याचा इतिहास लिहायला बसला तर त्याची सोय होईल.

झाले असे. औरंगाबादचे अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य हाकीम, आज तहसील कचेरीच्या आवारात सगळ्या मोहल्ल्यांच्या पंचांना भेटले. साहेब विलायत पाहून आलेले. लंडन शहरात एका गरीब वस्तीच्या डॉक्टराने कुठल्या गल्लीत किती माणसे कशाने मेली ते दरसाल छापून काढले, आणि त्या लाजेने तिथल्या कमिटीने गटारे बांधली, नळ आणले, अशी हकीकत त्यांनी सांगितली. आपल्याकडे लाज कमी आणि हौस जास्त, हे साहेबांना ठाऊक असावे, कारण त्यांनी शर्यत लावली आहे. आजपासून दसऱ्यापर्यंत ज्या मोहल्ल्यात सर्वांत कमी मौती होतील, तिथे तलावाच्या पाण्याचा नळ बसेल. तिरडी किंवा जनाजा ज्या मोहल्ल्यातून उठेल, मौत त्या मोहल्ल्याची धरायची. हुकूम अगदी साफ आहे.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर आमची सफाई कमिटी झाली. अध्यक्ष काकासाहेब, कारण पार त्यांच्या आजोबांनी बांधलेला. चिटणीस मी. लालमियाँ अत्तार माझे जुने स्नेही, तेही मेंबर.

घरी येऊन तुळजाबाईला सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जिथं मानसं मरून राह्यली तिथं नळ द्यायचा, का जिथं मरत न्हाईत तिथं?" मी समजावले की बक्षीस हुशार पोराला मिळते, ढ पोराला नव्हे. ती म्हणाली, "तहान काय हुशारी बघून लागती?" बायकांना राज्यकारभार समजावणे कठीण आहे.

चैत्र वद्य षष्ठी

सुरुवात गटारांपासून केली. कमिटीने स्वतः हातात झाडू घेतले. काकासाहेबांनी झाडू धरलेला पाहण्यासाठी नाल्यापलीकडच्या भाजीपुऱ्यातून लोक आले होते. परंतु आज साफ केलेले गटार परवा पुन्हा भरते, हे अनुभवाला आले. त्यापेक्षा कोणाचा भरवसा नाही, याचा विचार आधी केलेला बरा, असे मी सुचवले. सर्वांनी होकार दिला आणि सगळ्यांनी एकदम काकासाहेबांकडे पाहिले.

काकासाहेबांचा दमा साऱ्या जालन्याला ऐकू येतो. मागच्या थंडीत, आता जातात म्हणून, त्यांना दोनदा खाली काढले होते. विषय नाजूक होता. मी अदबीने म्हणालो की हवापालट केल्यास प्रकृतीला मानवेल. लेक पिंपळगाव रेणुकाईला दिली आहे, देवीचेही दर्शन होईल. काकासाहेब म्हणाले, "म्हंजे म्या तिकडं मरावं." मी म्हणालो, तसे नव्हे, इथे मरू नये इतकेच.

दोन दिवस रुसले. आज बैलगाडीने गेले. मोहल्ल्याने त्यांना वेशीपर्यंत निरोप दिला. काही बायका रडल्या, ते मला थोडे घाईचे वाटले.

वैशाख वद्य द्वितीया

नाल्याच्या पलीकडच्या काठावर जी झोपड्यांची वस्ती आहे, ती जुन्या कागदावर खिडकीपुऱ्यातच दाखवली आहे. हे ध्यानात येताच मला झोप लागेना. त्या लोकांना मरायला निमित्त लागत नाही. नाल्यात खड्डा करून झिऱ्याचे पाणी पितात. आमच्या आडावर त्यांना पूर्वीपासून परवानगी नाही, ती धर्माची बाब आहे. पण मेले की तिरडी आमच्या नावावर.

तहसीलदारसाहेबांकडे दरख्वास्त दिली की मोहल्ल्याची नैसर्गिक हद्द नाला असून नाल्याचा काठ हा नाल्याचाच भाग होय. मंजूर झाली. भाजीपुऱ्याचे चिटणीस कमरोद्दीन यांनीही त्याच दिवशी तशीच दरख्वास्त दिली होती. तीही मंजूर झाली. त्यामुळे ती वस्ती आता कुठल्याच मोहल्ल्यात नाही.

संध्याकाळी तिथला गाडीवान कडूबा अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. "मुन्शीजी, मंग आमी कुठले?" त्याने विचारले. मी सांगितले, तुम्ही आता कोणाच्याही ताब्यात नाही. तो गेला. तुळजाबाई ओसरीवरून ऐकत होती. रात्री जेवणात मीठ नव्हते.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी

काकासाहेब परत आले. बरे होऊन आले! लेकीने दूधतूप आणि आमरस घालून अशी सेवा केली की गालावर तेज आले आहे. गाडीतून उडी मारून उतरले. मोहल्ल्याला आनंद झाला हे खरे. परंतु चिटणीस या नात्याने मला दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. माणूस परत आला म्हणजे धोका परत आला.

ज्येष्ठ वद्य नवमी

फार वाईट बातमी. लालमियाँच्या आईने, अकबरबीने, आज सकाळी प्राण सोडला. म्हातारी फार मायेची. आमचे लग्न झाले तेव्हा तिने गुलाबपाण्याची बाटली पाठवली होती.

मागल्या आठवड्यातच मी लालमियाँला सुचवले होते की आईला अंबडला भावाकडे पोचवावे. ते इतकेच म्हणाले, "मुन्शीजी, अम्मा या घरात लगीन होऊन आल्ती. जाईल तं इथूनच जाईल." मी आग्रह केला नाही, कारण ते माझे स्नेही आहेत. त्याचा हा परिणाम.

जनाज्याबरोबर कबरस्तानापर्यंत गेलो. माती दिल्यावर सांत्वन करताना माझ्या तोंडून गेले की दसऱ्यापर्यंत थांबता आले असते तर बरे होते. लालमियाँनी माझा हात सोडला. त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला आहे. आमची पहिली मौत. बाकीचे मोहल्ले केव्हाच मागे पडले आहेत आणि भाजीपुऱ्याची कालच एक झाली असल्याने बरोबरी आहे, एवढेच समाधान.

आषाढ शुद्ध त्रयोदशी

नाल्यावर पटकी आली आहे. उलट्या, ढाळ, हातापायाला गोळे. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवस मावळायला जातो. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन ओरडून गेले की पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. ज्यांच्याकडे भाकरीपुरते सरपण नाही त्यांनी पाणी कशावर उकळावे, हे त्यांनी सांगितले नाही, आणि तो त्यांचा प्रांतही नव्हे.

परमेश्वराची कृपा एवढीच की हद्दीचे काम वेळेवर झाले. ते झाले नसते तर नळ केव्हाच गेला असता. आज पारावर काकासाहेबांनी माझ्या दूरदृष्टीची तारीफ केली.

घरी मात्र चोरी होत आहे. मागच्या परसात रचलेले सरपण निम्म्यावर आले. तांब्याचा मोठा हंडाही दिसत नाही. तुळजाबाईला विचारले तर म्हणते, कल्हईला दिला. ती सध्या रोज दुपारी पोथी ऐकायला जाते आणि उशिरा येते. कपड्यांना धुराचा वास येतो. पोथीच्या ठिकाणी होम चालला असावा. या वयात तिला धर्माची ओढ लागली, हे पाहून बरे वाटते.

आषाढ वद्य चतुर्थी

आजचा दिवस माझ्या चिटणीसपणाची कसोटी पाहणारा ठरला. तपशीलवार लिहितो.

मारुतीच्या देवळामागच्या ओवरीत झुंबरबाई नावाची एकटी म्हातारी राहते. दिवे घासते, प्रसादावर जगते. पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. तिला ना मूल ना भाऊ, म्हणजे हवापालटाला पाठवायला गाव नाही. आम्ही तिला बाजेवर घालून भाजीपुऱ्याच्या धर्मशाळेच्या ओट्यावर ठेवले. तिथे वारा चांगला येतो.

उन्हे वर येतात न येतात तोच कमरोद्दीनची माणसे बाज उचलून आमच्या कमानीत ठेवून गेली. निरोप असा की वारा तुमच्याकडेही येतो. आम्ही पुन्हा नेली. त्यांनी पुन्हा आणली. म्हातारी प्रत्येक वेळी हात जोडून काहीतरी म्हणत होती. उचलणाऱ्यांनी सांगितले की पाणी मागत होती. पण दोन्हीकडच्या माणसांचे हात बाजेला गुंतलेले होते.

शेवटी मी आणि कमरोद्दीन नाल्याच्या फरशी-पुलावर भेटलो. कमरोद्दीन माणूस समंजस आहे. पूल दोघांच्याही हद्दीत नाही, यावर आमचे एकमत झाले. बाज पुलावर ठेवली. कोणावर अन्याय झाला नाही. आम्ही एकमेकांना मिठी मारली आणि आपापल्या घरी गेलो.

दुपारी कडूबाच्या बायकोने, नंदाबाईने, म्हातारीला आपल्या झोपडीत उचलून नेले. दिवस कलताना झुंबरबाई गेली. तिची तिरडी नाल्यावरून उठली.

तुळजाबाई आज फार उशिरा आली. आंघोळ केली आणि न जेवता निजली. मी दिवसभराची हकीकत सांगत होतो. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तिनं मरताना तुमचं नाव घेतलं. मुन्शीजींनी बाज सावलीत ठेवा म्हनून सांगितलं असंल, म्हनली." हे हिला पोथीच्या ठिकाणी कोणी सांगितले कोण जाणे. पण खरे सांगायचे तर सावलीचे माझ्या ध्यानात आले नव्हते. ते राहून गेले.

श्रावण शुद्ध तृतीया

तुळजाबाईला सकाळपासून उलट्या होत आहेत. पित्त असावे.

पित्त नाही. डॉक्टर नदीपलीकडून आले. म्हणाले, बिलकुल हलवू नका. उकळलेल्या पाण्यात मीठ टाकून घोट घोट पाजत राहा, रात्र निघाली तर निघाली. मी मीठ शोधू लागलो. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, या घरात मीठ कुठे असते हे मला माहीत नाही असे दिसून आले.

दुपारी कमिटी आली. काकासाहेब दारातच थांबले. कोणी काही स्पष्ट बोलले नाही. आमची आणि भाजीपुऱ्याची बरोबरी आहे, एक मौत इकडे झाली की नळ तिकडे, हे मलाच त्यांना पूर्वी सांगावे लागले होते. शेवटी काकासाहेब म्हणाले, "म्या तुमच्या शब्दावर पिंपळगावला गेल्तो. चिटनिसाच्या घरी येगळा नियम हाये का?"

मी पुष्कळ विचार केला. नियम एकाला लावायचा आणि आपल्या घरी मोडायचा, याला काय म्हणावे? शिवाय नळ आला तर साऱ्या मोहल्ल्याची बायकापोरे जगतील. आणि नाला काही परगाव नाही, इथून दिसतो. आणि रात्र निघाली तर उद्या परत आणता येईल. एवढी सगळी कारणे होती. लिहून काढली म्हणजे बरीच वाटतात.

आत जाऊन तिला म्हणालो, थोडा हवापालट करू. तिने डोळे उघडले. "कुठं?"

"नाल्यावर."

मला वाटले ती रडेल. ती म्हणाली, "चला. तिथं पानी तरी उकळून ठिवलेलं हाये."

तापाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

कडूबाने गाडी आणली. मी हात लावायला पुढे झालो, तोवर त्याने आणि नंदाबाईने तिला उचललेही होते. कडूबाने माझ्याकडे पाहिलेही नाही. मी फरशी-पुलापर्यंत गाडीमागे चालत गेलो. पुढे गेलो नाही. चिटणीसाने साथीच्या वस्तीत जाऊन रोग मोहल्ल्यात आणणे बरोबर दिसले नसते.

श्रावण शुद्ध पंचमी

काही लिहिण्यासारखे नाही.

श्रावण शुद्ध एकादशी

रोज सकाळी पुलावर जाऊन उभा राहतो. कडूबा बैल सोडता सोडता तिकडूनच म्हणतो, "हायेत." एवढा एकच शब्द. मी परत येतो. दिवसाचे बाकी काही काम होत नाही.

परवा त्याला बैल सोडायला उशीर झाला. मी पुलावर होतो, तो दिसेना. मी तिथेच फरशीवर बसलो. त्या वेळी माझ्या मनात नळाचा विचार आला नाही. हे इथे नमूद करून ठेवतो, कारण नंतर तो आला.

लालमियाँ रोज नाल्यावर बडीशेप-पुदिन्याचा अर्क घेऊन जातात असे कळले. पुलावर माझ्या शेजारून गेले. काल संध्याकाळी माझ्या ओट्यावर डबा ठेवला आणि "जेवा" म्हणून निघून गेले. मी त्यांच्या आईच्या मयताच्या दिवशीचे काहीतरी बोलणार होतो, पण ते थांबले नाहीत. डब्यात खिचडी होती. ही पहिलीच वेळ, की मी त्यांच्या घरचे खाल्ले. भूक फार लागली होती.

भाद्रपद शुद्ध षष्ठी

ती वाचली. उठून बसते, काठी घेऊन चालते. पटकीही ओसरली.

आणखी एक शोध लागला. आमचा तांब्याचा हंडा नंदाबाईच्या दारातल्या चुलीवर आहे, पुलावरून स्पष्ट दिसतो. सरपणही आमचेच. चोर तिथे होते तर! तुळजाबाई इतके दिवस तिथे राहून तिला तो ओळखू आला नाही, याचे आश्चर्य वाटते. आजारातून उठलेल्या माणसाला सांगून त्रास नको, म्हणून तक्रार केली नाही.

काकासाहेब उदार मनाने म्हणाले की त्यांच्यात राहून जेवली खरी, पण गोमूत्र शिंपडून आणि ब्राह्मणाला विचारून वहिनींना घरात घेता येईल. मी कडूबाच्या हाती निरोप पाठवला.  पाठवलेला निरोप तसाच परत आला, असे कडूबा म्हणाला. निरोप परत कसा येतो?

आश्विन शुद्ध दशमी, दसरा

खिडकीपुरा जिंकला.

भाजीपुऱ्याची एक मौत परवा झाली. शिडीवरून पडलेला गवंडी; कमरोद्दीनने त्याला शिडीसकट उचलायचा प्रयत्न केला म्हणतात, पण वेळ मिळाला नाही. तालुकदारसाहेबांनी पारासमोर स्वतः तोटी फिरवली. पाणी आधी लाल आले, मग पांढरे. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सर्वांना सांगितले की सफाई, शिस्त आणि शहाणपण असेल तर मृत्यूला हरवता येते. पाहा हा मोहल्ला. टाळ्या झाल्या. काकासाहेबांना टाळ्या वाजवताना ढास लागली, तेव्हा पुष्कळ लोकांनी त्यांच्याकडे प्रेमाने पाहिले. आता त्यांना हवे तेव्हा हवे ते करायला मोकळीक आहे.

नंतर नाल्यावरच्या बायका घागरी घेऊन पुलावर येऊन थांबल्या. कमिटीचा ठराव झाला की नळ मोहल्ल्यासाठी आहे, आणि त्या मोहल्ल्यात नाहीत. ठराव मीच लिहिला. अक्षर चांगले आले नाही. तुळजाबाई त्यांच्यात होती, हे मला सही केल्यावर दिसले. तिच्या कडेवर आमची पितळेची घागर नव्हती, मातीची होती.

आश्विन शुद्ध द्वादशी

आज नळाचे पाणी भरून घागर घेतली आणि पूल ओलांडून गेलो. पहिल्यांदाच गेलो. खांद्यावर घागर घेऊन चिटणीस चालला आहे, हे मोहल्ल्याने पाहिले. पाहू दे.

ती नंदाबाईच्या दारात बसून भाजी निवडत होती. फार वाळली आहे. मी घागर खाली ठेवली आणि म्हणालो, नळाचे पाणी आणले आहे, चांगले स्वच्छ. तिने घागर उचलली आणि सगळे पाणी चुलीवरच्या हंड्यात ओतले. "उकळून घेते," म्हणाली. मी म्हणालो, हे तलावाचे, नळातून आलेले. ती म्हणाली, कुठलंही असू दे.

बसायला कोणी सांगितले नाही, मी बसलो. नंदाबाई आत गेली. मी विचारले, घरी कधी येणार?

ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "येईन की. पर पुन्ना दुखनं आलं मंग? तुमाला परत उचलून आनावं लागंल."

मी म्हणालो, "आता काही भीती नाही. शर्यत संपली आहे."

तिचे हात थांबले. माझ्याकडे तिने बराच वेळ पाहिले, जणू मी कोणी अनोळखी पाहुणा आहे आणि माझे गाव कोणते ते तिला आठवत नाही. मग चुलीत आणखी एक लाकूड सारले.  पाणी उकळल्यावर तिने ते वस्तीतल्या बायकांच्या भांड्यांत वाटून दिले, आणि रिकामी घागर माझ्यासमोर ठेवली.

घरी येऊन हे लिहीत आहे. मी तिला चुकीचे काय सांगितले, ते कळत नाही. शर्यत तर खरोखरच संपली आहे.